डाय सोडणारे यंत्र : दुखले तर लगेच बोला

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचेचाळीशीच्या एक शेतकरी भगिनी पोटदुखी आणि उलट्यांची तक्रार घेऊन दवाखान्यात आल्या. अंगातले पाणी कमी झाल्याने शीर सापडेना. शेवटी पंजाच्या मागच्या बाजूला एक नाजूक शीर मिळाली. लहान मुलांना वापरतात ती पिवळ्या रंगाची बारीक सुई बसवून मी सलाईन लावले. उलट्या थांबल्या, पण दुखण्याचे कारण कळेना. म्हणून डाय देऊन पोटाचा सीटी स्कॅन करण्यासाठी त्यांना जिल्ह्याच्या गावी पाठविले. जाताना सुई तशीच ठेवली. ‘तिथे पुन्हा टोचायला नको’ एवढाच माझा विचार.

संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा हात मनगटापासून कोपराजवळपर्यंत सुजून टम्म झाला होता. यंत्राने सोडलेला डाय शिरेत न जाता कातडीखाली पसरला होता.

मी विचारले, “ताई, आग झाली असेल ना? तेव्हाच का नाही सांगितलंत?”

त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, हलू नका, श्वास रोखून धरा, असं सांगितलं होतं त्यांनी. मग बोलू कशी?”

या उत्तराने मी निरुत्तर झालो. आजचा लेख त्यासाठीच. सीटी स्कॅन आणि अँजिओग्राफी आता आपल्या भागातही नित्याच्या झाल्या आहेत. पण त्यावेळी डाय सोडणारे यंत्र नेमके काय करते, हे रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही.

डाय कशासाठी?

क्ष-किरणांत हाड पांढरे दिसते, कारण ते किरण अडविते. रक्त, स्नायू आणि यकृत मात्र किरणांना जवळपास सारखेच अडवितात. त्यामुळे चित्रात रक्तवाहिनी वेगळी ओळखता येत नाही. रक्तात किरण अडविणारा पदार्थ मिसळला, की वाहिन्या उठून दिसतात. सीटी स्कॅन व अँजिओग्राफीच्या डायमध्ये हे काम आयोडीन करते. (एमआरआयचा डाय निराळा असतो; त्यात गॅडोलिनियम असते.) ‘डाय’ म्हटले तरी तो कपड्याच्या रंगासारखा नसतो. पाण्यासारखा स्वच्छ, पण पाकासारखा किंचित दाट असा हा द्रव असतो.

हाताने का देत नाहीत?

आपले साधे सलाईन मिनिटाला साठ थेंबांच्या गतीने सोडले, तर मिनिटात सुमारे ३ मि.लि. द्रव शिरेत जातो. सीटी स्कॅनचे यंत्र तेवढाच डाय एका सेकंदात सोडते! रक्तवाहिन्यांच्या तपासणीत हा वेग सेकंदाला ४ ते ५ मि.लि. पर्यंतही ठेवतात. म्हणजे ८० मि.लि. डाय अवघ्या वीस सेकंदांत शरीरात जातो.

एवढी घाई कशासाठी? दंडाच्या शिरेत सोडलेला डाय हृदयातून व फुप्फुसांतून फिरून वीस-पंचवीस सेकंदांत महारोहिणीत पोचतो. यकृताचे चित्र उत्तम यायला साधारण सत्तर सेकंद जावे लागतात. आजचे सीटी यंत्र पूर्ण छातीचे चित्र काही सेकंदांत घेते. डाय विरळ होऊन पोचला किंवा वेळ चुकली, तर चित्र फिके येते. हाताने सिरींज दाबताना दाट द्रवाचा वेग कमी-जास्त होतो, अंगठा दमतो. शिवाय चित्र घेताना खोलीत क्ष-किरण असतात, त्यामुळे माणसाला बाहेर थांबणे भाग असते.

म्हणून हे काम यंत्राकडे आले. उंच स्टँडवर दोन मोठ्या सिरींज बसवितात, एकीत डाय आणि दुसरीत सलाईन. मोटर त्यांचे दट्टे पुढे ढकलते. किती मि.लि., कोणत्या वेगाने आणि जास्तीत जास्त किती दाबाने, हे तंत्रज्ञ आधी ठरवून देतो. डाय संपला की पाठोपाठ सलाईन सोडले जाते, म्हणजे नळीत आणि शिरेत अडकलेला डाय पुढे ढकलला जातो.

यंत्राला काय कळत नाही?

नळी मुडपली किंवा सुई बंद झाली, तर दाब वाढतो आणि यंत्र थांबते. परंतु सुईचे टोक शिरेबाहेर आले, तर डाय कातडीखालच्या मऊ भागात सहज पसरतो. अशा वेळी दाब फारसा वाढेलच असे नाही. यंत्राला वाटते सारे ठीक चालले आहे! हाताने इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला अंगठ्याखाली अडथळा जाणवतो, हात फुगताना दिसतो. यंत्राला ना अंगठा, ना डोळा.

हृदयाच्या अँजिओग्राफीचा इतिहास हेच सांगतो. १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाच्या महारोहिणीत डाय सोडत होते. नळीचे टोक नकळत हृदयाला रक्त पुरविणाऱ्या उजव्या रोहिणीत सरकले आणि सुमारे ३० मि.लि. डाय थेट तिच्यात गेला. काही सेकंद हृदय थांबले. सोन्स यांनी रुग्णाला जोराने खोकायला सांगितले, आणि ठोके परत सुरू झाले. या अपघातातूनच पुढे या रोहिण्यांची नेमकी तपासणी जन्माला आली. आज तिथे एका वेळी साधारण चार ते दहा मि.लि. डाय बेताने देतात, पुष्कळदा हातानेच. हृदयाच्या मोठ्या कप्प्यात किंवा महारोहिणीत ३०-४० मि.लि. डाय झटकन सोडायचा असेल, तर यंत्र घेतात. रोहिणीत हवेचा लहानसा बुडबुडाही घातक ठरू शकतो. म्हणून नळीतील हवा काढल्याची खात्री माणसानेच करावी लागते.

माझी चूक कोणती?

सुईचा रंग तिची जाडी सांगतो. पिवळी बारीक, निळी तिच्याहून जाड, गुलाबी आणखी जाड, हिरवी त्याहून मोठी. वेगाने डाय सोडायचा असेल, तर कोपराच्या पुढच्या बाजूच्या किंवा हाताच्या चांगल्या शिरेत गुलाबी सुई योग्य. मी पंजावरची पिवळी सुई तशीच ठेवली आणि चिठ्ठीतही तसे लिहिले नाही. गर्दीच्या वेळी तिकडे तीच सुई यंत्राला जोडली गेली. रुग्णाचे एक टोचणे वाचवायला गेलो आणि तिच्या हाताला चार दिवसांची सूज दिली.

त्यांचा हात उंच ठेवला, थंड पाण्याच्या घड्या दिल्या आणि बोटांची हालचाल, रंग व संवेदना वरचेवर तपासल्या. सूज चौथ्या दिवशी उतरली. मध्यंतरी क्रिएटिनिन तपासून, गुलाबी सुई लावून स्कॅन पुन्हा करावा लागला. स्वादुपिंडाला सूज निघाली आणि उपचारांनी त्या बऱ्या झाल्या. बहुतेकांची अशी सूज अशीच उतरते. पण वेदना वाढत गेल्या, बोटे बधिर किंवा पांढरी पडली, कातडीवर फोड आले, तर रात्र असली तरी थांबू नये. ताबडतोब शल्यचिकित्सक गाठावा.

तपासणीपूर्वी सांगावे असे

१) पूर्वी डाय दिल्यावर अंगावर पित्त उठले होते का, दम लागला होता का, हे न विसरता सांगा. दमा असेल तर तोही सांगा. मासे किंवा कोळंबी सोसत नाही म्हणून डाय चालत नाही, हा मात्र गैरसमज आहे.

२) मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा थायरॉईडचा त्रास असल्यास कल्पना द्या. क्रिएटिनिनचा रिपोर्ट जवळ ठेवा. मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका. मूत्रपिंडाचे काम पाहून डॉक्टर ठरवितात.

३) गरोदर असल्याची शंका असेल तर संकोच न करता सांगा. बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातांना डायनंतर दूध तोडण्याची सहसा गरज नसते.

४) यंत्रापासून हातापर्यंतची नळी प्रत्येक रुग्णाला नवी हवी. तीच नळी दुसऱ्याला लावल्यास काविळीसारखे रक्तातून पसरणारे आजार होऊ शकतात. ‘नळी नवीन आहे ना?’ असे नम्रपणे विचारण्यात काही वावगे नाही.

डाय जाताना

अंगभर गरम वाटणे, तोंडाला धातूसारखी चव येणे, लघवी झाल्याचा भास होणे, हे एखाद-दोन मिनिटांत ओसरते. त्याला भिऊ नका. पण सुईच्या जागी आग होणे, ठणकणे किंवा फुगणे हे निराळे. तसेच खाज, घशात आवळल्यासारखे होणे, श्वास अडकणे हेही निराळे. अशा वेळी लगेच ओरडून सांगा. ‘हलू नका’ याचा अर्थ ‘बोलू नका’ असा नाही! खोलीत माईक असतो. बाहेर ऐकू जाते आणि यंत्र तत्काळ थांबविता येते. स्कॅन बिघडला तर पुन्हा काढता येतो.

जपानमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या तीन लाखांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत नव्या प्रकारच्या डायने गंभीर रिॲक्शन दहा हजारांत सुमारे चार जणांना आली. जुन्या प्रकारच्या डायने सुमारे बावीस जणांना. आज नवा प्रकारच वापरतात. धोका थोडा आहे, पण शून्य नाही. गंभीर रिॲक्शन बहुधा पहिल्या वीस मिनिटांत येते. म्हणून स्कॅन झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा, एसटीची घाई करू नका.

त्या प्रसंगानंतर मी रुग्णाला स्कॅनसाठी पाठविताना चिठ्ठीत सुईचा रंग लिहितो आणि तोंडी एक वाक्य सांगतो : “हलायचं नाही, पण दुखलं तर गप्प राहायचं नाही.” आपल्या घरातील कोणी तपासणीला निघाले असेल, तर हे वाक्य त्यांना जरूर सांगा.