शॉर्ट फिल्मचं काम फुकट, सामान नाही!

विद्यार्थ्यांच्या शॉर्ट फिल्मसाठी प्रॉडक्शन डिझाइन करताना मानधन बहुधा नसतंच. वर सामानही आपल्याच खिशातून येतं आणि नंतर पैसे मागायला जीभ रेटत नाही. म्हणून स्क्रिप्ट हातात येताच सीनप्रमाणे वस्तूंची यादी करा. चार रकाने पाडा: उसनं, भाड्याने, विकत, स्वतः बनवायचं. समजा, चहाच्या टपरीचा सीन आहे. किटली उसनी, बाकडं भाड्याने, बरण्या जुन्या बाजारातून, दराची पाटी स्वतः रंगवायची. कप फुटणार असेल तर चार घ्या, रीटेक होतातच. प्रत्येक वस्तूपुढे खर्च आणि डिपॉझिट लिहा. रक्कम आधी हातात, मगच खरेदी. शॉट संपला की सेटचा फोटो काढा. कंटिन्युइटी सांभाळली जाते, पोर्टफोलिओही तयार होतो. हा हिशोब जमला, की पुढच्या गिऱ्हाइकाला कोटेशन देताना अडखळणार नाही.