केकवरचा रंग: कमी घाला, नीट मिसळा

घरच्या घरी केक आणि कुकीज सजवणाऱ्यांकडून, आणि त्याहून जास्त पालकांकडून, मला हमखास विचारलं जातं, ‘डॉक्टर, आयसिंगमधले हे रंग मुलांना चालतात का?’ परवानगी असलेला रंग बेतानं घातला आणि मुलानं तो कधीमधी खाल्ला, तर बहुतेक मुलांना काही होत नाही. काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची: रंग कुठला आणि किती. यातलं ‘किती’ बऱ्याच अंशी रंग मिसळणाऱ्या हातावर अवलंबून असतं.

रंग कुठला?

आपल्या देशात खाण्यासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. लालसाठी पॉन्सो 4आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन. पिवळ्या-केशरीसाठी टारट्राझिन आणि सनसेट यलो. निळ्यासाठी ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्माइन. हिरव्यासाठी फास्ट ग्रीन. डबीवर यांपैकी रंगाचं नाव, एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली असेल, तरच ती घ्या. सुटा, पुडीत बांधून मिळणारा रंग घेऊच नका. ऱ्होडामिन बी, मेटॅनिल यलो यांसारखे कापड-कागदाचे रंग स्वस्त आणि भडक असल्यामुळे खाण्यात घुसतात. 2024 मध्ये तामिळनाडूनं ‘बुढ्ढी के बाल’वर बंदी घातली, ती त्यात ऱ्होडामिन बी सापडल्यामुळेच.

चमकीबाबत जास्तच सावध राहा. अमेरिकेत 2018 मध्ये वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवरच्या चमकदार भुकटीत तांबं होतं. पाकिटावर ‘नॉन-टॉक्सिक’ किंवा ‘फक्त सजावटीसाठी’ असं लिहिलेलं असेल, तर ती चमकी खाण्यासाठी नाही. ‘एडिबल’ हा शब्द आणि घटकांची यादी, दोन्ही असायला हवं.

किती?

आपल्या नियमांनुसार कृत्रिम रंगाची साधारण मर्यादा एक किलो तयार पदार्थाला 100 मिलिग्रॅम आहे. म्हणजे पाव किलो आयसिंगमध्ये 25 मिलिग्रॅम शुद्ध रंग. पावडरची चिमूट अंदाजानं टाकली, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. एरिथ्रोसिनसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं ठरवलेलं रोजचं सुरक्षित प्रमाण वजनाच्या दर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम आहे. 15 किलो वजनाच्या मुलासाठी हे झालं दीड मिलिग्रॅम. नियमाच्या कमाल मर्यादेपर्यंत रंगवलेल्या 15 ग्रॅम आयसिंगमध्ये, म्हणजे सुमारे तीन छोट्या चमच्यांत, तेवढा रंग असतो. हे प्रमाण आयुष्यभर रोज खाण्याच्या हिशेबानं काढलेलं असतं. त्यामुळे एका वाढदिवसानं घाबरून जायचं कारण नाही, पण गडद आयसिंगचा मोठा तुकडा लहान मुलाला द्यायचं कारणही नाही.

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन इथल्या संशोधकांनी 2007 मध्ये काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांचं मिश्रण मुलांना देऊन पाहिलं. काही मुलांची चंचलता वाढलेली दिसली. त्यानंतर 2010 पासून युरोपात टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो 4आर यांच्यासह सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या लक्ष देण्याबाबतची सूचना छापावी लागते. रंगामुळे प्रत्येक मूल चंचल होत नाही, पण ज्याला त्रास होतो त्याच्या घरच्यांना तो जाणवतो. अशा मुलाला रंगीत आयसिंग टाळून पाहा.

कमी रंगात हवी ती छटा

बटरक्रीम मुळात पिवळसर असतं. त्यात निळा घातला की हिरवट छटा येते आणि ती घालवायला आपण आणखी निळा ओततो. त्यापेक्षा लोणी आधी फिकट होईपर्यंत भरपूर फेटा आणि टूथपिकच्या टोकावर मावेल इतकाच जांभळा घाला. पिवळेपणा दबतो आणि पुढचे सगळे रंग थोडक्यात उठतात.

मिसळताना फिकट रंगात गडद रंग घालावा. पिवळ्यात कणभर लाल घातला की केशरी होतो आणि किंचित निळा घातला की हिरवा. उलट केलं, तर लाल किंवा निळ्याला वळवण्यासाठी पिवळा कितीही घातला तरी पुरत नाही. लाल, पिवळा, निळा तिन्ही एकत्र आले, तर मात्र तपकिरी होणार.

आणखी एक गुण म्हणजे धीर. जेल रंग आयसिंगमध्ये मिसळल्यावर तासाभरात गडद होतो, लाल आणि काळा तर रात्रभर मुरतात. म्हणून हव्या त्या छटेच्या थोडं अलीकडेच थांबा आणि भांडं झाकून ठेवा. काळ्यासाठी पांढऱ्या आयसिंगपासून सुरुवात करू नका. कोको घातलेल्या गडद चॉकलेट आयसिंगला काळा रंग अगदी थोडा पुरतो. लालभडक रंग नाव, फूल, किनार एवढ्यापुरताच ठेवा. केकचा मोठा भाग फिकट असला, तर ते उठूनही दिसतं.

घरातलेही रंग आहेत. बीटच्या पावडरीनं गुलाबी येतो, चिमूटभर हळदीनं पिवळा आणि गोकर्णाच्या फुलांच्या पाण्यानं निळा. त्या निळ्यात लिंबाचे थेंब पडले की जांभळा होतो. बीट भट्टीच्या आचेनं फिकं पडतं, पण आयसिंग भाजायचं नसल्यामुळे इथे ते छान टिकतं.

डॉक्टरांकडे कधी जावं?

निळ्या किंवा लाल आयसिंगनंतर दुसऱ्या दिवशी शौचाला हिरवट किंवा लालसर झालं आणि मूल खेळतं-खातं असेल, तर घाबरू नका. रंग दोन दिवसांनंतरही राहिला, शौच डांबरासारखं काळं झालं किंवा पोटात दुखत असेल, तर मुलाला दाखवा. अंगावर पित्त उठलं, तर त्याच दिवशी दाखवा. ओठ-पापण्या सुजल्या किंवा धाप लागली, तर वाट न बघता 108 ला फोन करा. दमा असलेल्यांनी, विशेषतः ज्यांना ॲस्पिरिनचा त्रास होतो त्यांनी, टारट्राझिन टाळावं.

केकच्या ऑर्डरी घेणाऱ्यांना एक विनंती. ऑर्डर घेतानाच मुलाचं वय आणि ॲलर्जी विचारा, आणि खोक्यावर वापरलेल्या रंगांची नावं लिहा. मुलाला त्रास झालाच, तर दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा तेच विचारतो. नाव हाती असलं की उपचारात आणि पुढच्या खबरदारीत चाचपडावं लागत नाही.