मुका ‘के’ आणि आपला ‘ज्ञ’

इंग्रजीच्या तासाला ‘नी’ म्हणजे गुडघा हा शब्द मी फळ्यावर लिहिला : के, एन, ई, ई. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ‘के’ बोलायचा नाही, तर लिहायचा कशाला?” मी वर्षानुवर्षांचे उत्तर दिले : “तो मुका आहे. पाठ करा.” ती गप्प बसली, मला मात्र ते उत्तर टोचत राहिले. म्हणून ‘के-एन’ने सुरू होणारे लहान शब्द मी एकत्र मांडून पाहिले. तो अभ्यास येथे देतो.

शरीराचे शब्द : नी (गुडघा), नकल (बोटाचा सांधा). हातकामाचे : नॉट (गाठ), निट (विणणे), नीड (कणीक तिंबणे), नाइफ (सुरी), नॅक (हातोटी). आकाराचे : नॉब (गोल मूठ), नोल (लहान टेकाड). आवाजाचे : नॉक (ठोठावणे), नेल (मृत्यूची घंटा). माणसांचे : नाइट (सरदार), नेव्ह (लबाड). आणि सर्वांत महत्त्वाचा, नो (जाणणे).

यांतील गाठ आणि विणणे हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत. विणकाम म्हणजे अखेर गाठींचेच काम. नाइट आणि नेव्ह यांची कथा अधिक रंजक आहे. जुन्या इंग्रजीत दोन्ही शब्दांचा अर्थ ‘मुलगा’, पुढे ‘चाकर’. त्यांतला एक चाकर लढवय्या होऊन सरदारपदाला चढला, दुसरा लबाड ठरला आणि पत्त्यांतला गुलाम झाला. जर्मन भाषेत त्यांची भावंडे अजून साधीच आहेत : क्नाबं म्हणजे मुलगा, क्नेख्त म्हणजे चाकर.

येथेच मुक्या ‘के’चा उलगडा होतो. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतो. इंग्रजही तसेच म्हणत असे. १४७६मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा हा ‘क्’ बोलण्यात होता. छापील लेखन हळूहळू स्थिरावले; १७व्या शतकाच्या सुमारास जिभेने ‘क्’ सोडला, कागदाने सोडला नाही. म्हणजे हे अक्षर चुकीचे नाही, जुन्या उच्चाराचा पुरावा आहे. शिवाय ते उपयोगीही पडते : कानाला सारखेच लागणारे ‘गाठ’ आणि ‘नाही’, ‘सरदार’ आणि ‘रात्र’ हे इंग्रजी शब्द डोळ्यांना त्याच्यामुळेच वेगळे कळतात.

आता आपल्याकडे वळू. ‘नो’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ हे सख्खे नातलग आहेत. मूळच्या ग्-सारख्या ध्वनीचा संस्कृतात ज् झाला, इंग्रजी-जर्मनच्या कुळात क् झाला. याकोब ग्रिम यांनी १८२२मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमांत ग्-चा क् होणे हा एक नियम आहे. ‘नी’चा नातलग ‘जानु’. ‘आजानुबाहू’ म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. तेव्हा ‘नो’ला ‘जाण’ आणि ‘नी’ला ‘जानु’ असे जोडून दिले, की मुक्या ‘के’च्या जागी मुलांना आपला ‘ज’ दिसू लागतो.

मुके होण्याचा प्रकारही आपल्याला परका नाही. राज्ञीची राणी झाली, आज्ञेची आण झाली. ज्ञ-मधला ज् प्राकृतातच गळला आणि अनुनासिक तेवढे उरले; इंग्रजी ‘नो’मध्ये घडले ते हेच. फरक एवढाच, की आपण ध्वनीबरोबर अक्षरही सोडले, इंग्रजांनी अक्षर ठेवले.

जेथे आपण अक्षर ठेवले, तेथे उच्चार बदलला. माझा वर्ग बडोद्याचा. येथील मराठी मूल घरी ‘द्न्यान’ ऐकते, गुजराती सोबत्याकडून ‘ग्नान’ आणि हिंदीच्या तासाला ‘ग्यान’. त्या विद्यार्थिनीच्या ‘द्न्यान’ला वर्गात हसू झाले होते आणि मीही तिला टोकले होते. वास्तविक ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. यांतला एकही उच्चार त्या जोडाक्षराशी तंतोतंत जुळत नाही. तिघांनीही आपापल्या जिभेच्या वळणाने तो घडवला आणि लिहिताना एकच अक्षर राखले. मग चूक कोणाची आणि हसायचे कोणाला?

शिक्षकांसाठी एक सूचना. हे शब्द विखुरलेले देऊ नका, एकत्र द्या. प्रथम ‘क्’सह मोठ्याने वाचून घ्या : क्नी, क्नॉट, क्नाइफ. मुले हसतील, पण स्पेलिंग विसरणार नाहीत. मग ‘क्’ गाळून आजचा उच्चार शिकवा. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना विचारा, डाव लिहिताना घोड्यासाठी ‘एन’ का? ‘के’ राजाकडे गेला म्हणून. पण घोड्याच्या इंग्रजी नावात कानाला ऐकू येणारे पहिले अक्षरही ‘एन’च आहे. शेवटी राणी आणि आण फळ्यावर लिहा.

मी तसेच केले. त्या दिवशी मी त्या विद्यार्थिनीला वर्गासमोर सांगितले, की तुझा प्रश्न बरोबर होता आणि तुझे ‘द्न्यान’ही.