एका नदीचा मासा दुसऱ्या नदींत

मुंबई सरकारच्या आज्ञेनें दक्षिणेंतील मुलखाची आंकडेवार माहिती गोळा करणारा कर्नल साइक्स हा लष्करी अंमलदार येथील नद्यांतील मासेही टिपून ठेवीत असे. इ. स. १८३९ मध्यें त्यानें त्यांचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, आणि लॅटिन नांवें ठेवतांना पुष्कळदां येथील लोकांच्या तोंडचेच शब्द उचलले. म्हणून आजही जगांतील प्राणिशास्त्रज्ञास पुण्याजवळच्या मुळामुठेंतील महाशीराचा उल्लेख ‘टोर खुद्री’ असाच करावा लागतो. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला ‘नुक्ता’ हाही त्याच यादींतला, कृष्णेच्या खोऱ्याचा रहिवासी.

निरनिराळ्या नद्यांत निरनिराळे मासे कां, हें समजण्यास भूगोल बराच उपयोगी पडतो. कृष्णा व कावेरी या दोघीही सह्याद्रींत उगम पावून पूर्वसमुद्रास मिळतात. परंतु गोड्या पाण्यांतील या माशांस डोंगर ओलांडतां येत नाहीं, आणि समुद्राचें खारें पाणी मानवत नाहीं. फार दीर्घ काळ असे एकमेकांपासून तुटून राहिल्यानें एकाच कुळाच्या निराळ्या जाती होतात. कृष्णेंत निळसर परांची खुद्री नांदली. कावेरींत पाठीस कुबड असलेला, नारिंगी परांचा महाशीर नांदला. त्यांतील एक १९४६ सालीं कबिनी नदींत गळास लागला, तो सुमारें ५४ किलोग्रॅम भरला!

खुद्रीस अंडीं घालण्यास खडकाळ तळाचें, स्वच्छ, वाहतें पाणी लागतें. धरणें झालीं, शहरांचें सांडपाणी नदींत आलें, आणि तिची संख्या घटूं लागली. तेव्हां १९७० नंतरच्या दशकांत टाटांच्या वीज कंपनीनें लोणावळ्यास तिची कृत्रिम पैदास आरंभिली. मादीचीं अंडीं हलक्या हातानें दाबून काढावयाचीं, त्यांत नराचें रेत मिसळावयाचें, आणि खेळत्या पाण्यांत तीं उबवावयाचीं. काम खरोखर कौतुकाचें होतें. पिल्लें लाखांनीं तयार झालीं, परप्रांतींही गेलीं. त्यांतलीं कांहीं कावेरींत सोडलीं.

येथें मात्र गणित चुकलें. पाहुणी खुद्री कावेरींत भराभर वाढली आणि कुबडाचा महाशीर दुर्मिळ होत गेला. धरणें, वाळूचा उपसा, सुरुंग लावून मासे मारण्याची दुष्ट रीत हीं कारणें आहेतच. तथापि बाहेरच्या जातीशीं करावी लागलेली स्पर्धा हेंही त्यांत मोठें कारण असावें, असें संशोधकांस वाटतें. नवल हें कीं, हौशी गळकऱ्यांस शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक असलेल्या या माशास निश्चित शास्त्रीय नांव २०१८ पर्यंत नव्हतें. कावेरीच्या पांबार या उपनदींतून २००७ मध्यें वर्णिलेला ‘टोर रेमादेवीआय’ तो हाच, असें त्या वर्षीं ठरलें. आणि त्याच वर्षीं त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

खुद्रीचीं पिल्लें सोडावयाचीं तर तीं कृष्णेच्याच खोऱ्यांत सोडावीं, हें उघड आहे. पण कावेरींत एकदां पसरलेली खुद्री वेंचून काढणें आतां कोणाच्या हातचें नाहीं. नांव ठरविणाऱ्या संशोधकांस कुबडाचा महाशीर सांपडला तो मोयार नदींत, निलगिरीच्या पायथ्याच्या अरण्यांत.