वेगवान टपाल, पण उघडे



पोस्टकार्ड व बंद पाकीट ह्यांतील भेद आपणां सर्वांस ठाऊक आहे. पोस्टकार्ड वाटेत ज्याच्या हाती पडेल त्यास मजकूर वाचता येतो. पाकिटाचे तसे नाही. आता अशी कल्पना करा की, टपाल बैलगाडीऐवजी मोटारीने जाऊ लागले. पत्र लवकर पोहोचेल हे खरे; परंतु मोटारीत ठेवले म्हणून पोस्टकार्डाचे पाकीट होईल काय? प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल. तथापि संगणकाच्या व्यवहारात हीच गल्लत जाणती माणसेही करतात. म्हणून तिचा येथे विचार करू.

आपण ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपला संगणक दूरच्या सर्व्हरकडे मागणी पाठवितो आणि सर्व्हर तिचे उत्तर देतो. ही देवघेव कशी करावी ह्याविषयीच्या ठरीव नियमांस प्रोटोकॉल म्हणतात. संकेतस्थळांच्या प्रोटोकॉलचे नाव एचटीटीपी. त्याची १.१ ही आवृत्ती १९९७ साली प्रसिद्ध झाली व पुढे अनेक वर्षे बहुतेक व्यवहार तिच्यावरच चालला. तीत एक मोठी उणीव होती. एका जोडणीवर उत्तरे ओळीनेच येत. पहिले उत्तर मोठे असले की मागची सारी खोळंबून राहत. तिकिटाच्या एकाच खिडकीपुढील रांगेसारखीच ही स्थिती होय.

मे २०१५ मध्ये एचटीटीपी/२ प्रसिद्ध झाला. गूगलने आधी केलेल्या स्पीडी ह्या प्रयोगावर तो आधारलेला होता. त्यात प्रत्येक उत्तराचे लहान लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर तो कोणत्या मागणीचा आहे हे दर्शविणारा क्रमांक घालतात. त्यामुळे अनेक उत्तरांचे तुकडे एकाच जोडणीवरून मिसळून येऊ शकतात व पलीकडे पुन्हा नीट जुळविले जातात. वेग वाढला तो ह्या युक्तीने.

परंतु गुप्ततेचे काय? मजकूर गूढ लिपीत बदलून पाठविण्याचे काम टीएलएस नावाचा निराळाच प्रोटोकॉल करतो. तेच आपले बंद पाकीट. एचटीटीपी/२ च्या नियमांनी ह्या पाकिटाची सक्ती केली नाही. पाकिटातील प्रकारास त्यांनी ‘एच-दोन’ आणि उघड्या प्रकारास ‘एच-दोन-सी’ अशी खुणेची नावे दिली. उघड्या प्रकाराचा आरंभ करण्याच्या दोन रीती सांगितल्या होत्या. पहिलीत, ग्राहक संगणक जुन्या भाषेत मागणी करून ‘आपणांस नवी भाषा येते काय?’ असे विचारी. सर्व्हरला ती येत असल्यास तो १०१ ह्या क्रमांकाचे उत्तर देऊन भाषा बदली. दुसरीत, समोरच्यास नवी भाषा येते हे आधीच ठाऊक असल्यामुळे ग्राहक ठरलेली २४ अक्षरांची नांदी पाठवून एकदम सुरुवात करतो. पहिली रीत फारशी रूढ झाली नाही व जून २०२२ च्या सुधारित नियमांत ती रद्द ठरली.

प्रमुख ब्राउझरांनी मात्र उघडा प्रकार स्वीकारलाच नाही. ह्यास कारणे दोन. एक तर वाटेवरील अनेक यंत्रे उघडा मजकूर वाचतात, क्वचित बदलतातही. अनोळखी भाषा दिसताच ती गोंधळतात व जोडणी तुटते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे: वाचकाचे परवलीचे शब्द, पत्रे व वाचनाच्या आवडी परक्यांच्या नजरेस पडू नयेत.

मग उघडा प्रकार निरुपयोगी समजावा काय? तसे नाही. पुष्कळ ठिकाणी दारावरचा सर्व्हर पाकीट फोडतो आणि मजकूर त्याच यंत्रातील दुसऱ्या कार्यक्रमाकडे देतो. घरातल्या घरात चिठ्ठी देण्यास पाकीट कशाला? अशा जागी, तसेच अभ्यासासाठी स्वतःच्या संगणकावर, एच-दोन-सी योग्यच आहे. अपाचे व एनजिनएक्स हे प्रसिद्ध सर्व्हर तो चालवू शकतात.

परंतु ‘घर’ कोठे संपते हे नीट ओळखले पाहिजे. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ ह्या वृत्तपत्राने एडवर्ड स्नोडेन ह्यांनी उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे एक वृत्त दिले. गूगल व याहू ह्यांच्या माहितीकेंद्रांना आपापसांत जोडणाऱ्या तारांतून अमेरिकन व ब्रिटिश हेरखाती मजकूर टिपून घेत होती, असे ते वृत्त होते. ज्या मार्गास त्या कंपन्या आपले अंगण समजत होत्या, तेथेही परका कान होता! त्यानंतर अशा अंतर्गत मार्गांवरही पाकीट वापरण्याकडे कल वाढला.

पाकीट महाग आहे ही सबबही आता उरली नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र विनामूल्य देते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी/३ मध्ये तर कूटलेखन अंगभूतच असल्याने उघड्या प्रकारास जागाच नाही.

सारांश, वेग हा एक गुण आणि गुप्तता हा दुसरा. एक आला म्हणजे दुसरा आपोआप येत नाही. नवे साधन हाती आले की, ‘हे किती जलद आहे?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘वाटेत हे कोण कोण वाचू शकेल?’ हेही अवश्य विचारा. आपल्या परवलीच्या शब्दाची राखण ह्या दुसऱ्या प्रश्नावरच अवलंबून आहे.