घरची बोली आणि अंगणातली बालवाडी



बालवाडीसाठी वर्गणी देताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एक ठरलेले चित्र असते. रंगवलेल्या भिंती, सारखे गणवेश, फळ्यावर मुळाक्षरे आणि एका सुरात बालगीत म्हणणारी लेकरे. चित्र वाईट नाही. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत गेलो की त्यात एक मोठी उणीव दिसते. तिथल्या अनेक मुलांना फळ्यावरची भाषाच कळत नाही.

डोंगरातल्या भिंगारा, चाळीसटापरीपासून खाली जामोद, सोनबर्डीच्या परिसरापर्यंत भिलाला, पावरा, कोरकू, निहाल अशा जमातींची वस्ती आहे. प्रत्येकाची घरची बोली निराळी. त्यातली निहाली तर अभ्यासकांनाही कोड्यात टाकणारी. ती मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, द्राविडी नाही आणि शेजारच्या कोरकूच्या मुंडा कुळातलीही नाही. बोलणारे उरले आहेत दोन-अडीच हजारांच्या आसपास. कायपर नावाच्या डच अभ्यासकाने १९६२ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याच जिल्ह्यातल्या या भाषेचे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले असेल?

आता साडेतीन वर्षांच्या मुलीची कल्पना करा. तहान लागली की ती घरी कोरकूत ‘डा’ मागते, निहाली घरातली असेल तर ‘जोप्पो’. बालवाडीत ताई म्हणतात ‘पाणी’. हा एक शब्द ती दोन दिवसांत शिकेल. पण गोष्ट, गाणे, सूचना, खेळाचे नियम, रागावणे, शाबासकी हे सगळेच अनोळखी भाषेत आले, तर ती गप्प बसते. आपण तिला शांत, शहाणी मुलगी म्हणतो. पहिलीत गेल्यावर तीच ‘मंद’ ठरते आणि दोन-तीन वर्षांत शाळेच्या हजेरीपटावर नावापुरती उरते. खरे तर तीन ते सहा हे वय सतत प्रश्न विचारण्याचे. ‘हे काय?’, ‘असे का?’ म्हणता म्हणता मूल विचार करायला शिकते. प्रश्न विचारायला भाषाच नसेल तर ती वर्षे मुक्यानेच जातात, आणि ती पुन्हा येत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटले आहे की, मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो.

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याच्याशी झुंजलेली माणसे आपल्याच राज्यातली आहेत. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला राहिल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. माँटेसरी पद्धत त्या उत्तम जाणत होत्या, पण तिची साधने महाग, आणि ती पद्धत शहरातल्या मुलांपुरतीच उरत होती. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेले.

कोसबाडला त्यांनी काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. मुले बालवाडीत येत नाहीत, तेव्हा दोष पालकांना द्यायचा ही आपली सवय. ताराबाई-अनुताईंनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात. ‘अंगणवाडी’ची कल्पना इथली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे शिक्षक गुरांमागे कुरणात. मोठ्या बहिणी धाकट्यांना कडेवर घेऊन फिरतात म्हणून शाळेत येऊ शकत नाहीत, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडून विकासवाडी उभी केली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, पाने, बिया आल्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रातली पहिली केंद्रे मुंबईची धारावी आणि आपल्या शेजारचे मेळघाटातले धारणी. तेव्हापासून अंगणवाडी गावोगावी पोहोचली, आणि पोषण आहार व लसीकरणासाठी तिचे उपकार मोठे आहेत. पण एकाच सेविकेने वजन घ्यायचे, आहार वाटायचा, नोंदी भरायच्या आणि शिकवायचेही म्हटल्यावर शिकवणे सर्वांत शेवटी राहते. यात त्या बाईंचा दोष नाही.

मग चांगल्या बालवाडीतली सकाळ कशी असते? मूल आले की आधी हात-तोंड धुणे, केस विंचरणे. यालाही शिक्षणच म्हणा. कुणीतरी आपल्याकडे मायेने लक्ष देते हे त्याला इथे कळते. मग जमिनीवर चिंचोके, तुरीचे दाणे, मोहाच्या बिया यांचा ढीग. मूल निवडते, वेगळे करते, जोड्या लावते, ओळीत मांडते. आपल्याला वाटते खेळत आहे. पण लहान-मोठे, जास्त-कमी, सारखे-वेगळे या कल्पना हातातून डोक्यात जात असतात. पुढे गणित यावरच उभे राहते. फुले ओवताना, चिखलाचे बैल करताना बोटांना ताकद येते. ती न येताच चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ‘अ’ गिरवून घेणे हा मला तरी छळ वाटतो, मग पालक कितीही खूष होवोत.

आणि गोष्ट. आपल्या मंडळीतले संडेस्कूल शिक्षक हे लगेच ओळखतील: ऐकताना मुलाचे डोळे बदलले तर गोष्ट पोहोचली. डोंगरपायथ्याच्या बालवाडीत ती आधी घरच्या बोलीत सांगावी. मूल ती आपल्या शब्दांत परत सांगू लागले की तीच गोष्ट मराठीत, तेच हावभाव आणि तीच चित्रे घेऊन. अर्थ आधीच ठाऊक असल्याने नवे शब्द आपोआप जागेवर बसतात. काही आईबाप म्हणतात, ‘आमची बोली घरी आहेच, शाळेत मराठी शिकवा.’ त्यांची काळजी रास्त आहे. बाजारात, कचेरीत, दवाखान्यात मराठीच लागते. त्यांना समजावून सांगावे लागते की घरची बोली पक्की असलेले मूल मराठी लवकर शिकते.

हे करायला ती बोली बोलणारे माणूस हवे. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांची भाषा मरू लागली, तेव्हा १९८२ पासून त्यांनी भाषेची ‘घरटी’ काढली. त्या बालवाड्यांत आजी-आजोबाच येऊन मुलांशी आपल्या भाषेत बोलत. आपल्याकडच्या वस्तीवर अशा आज्या घरोघरी आहेत. चार भिंती बांधण्यासाठी लाख-दोन लाख आपण आनंदाने गोळा करतो. दहावीपर्यंत शिकलेल्या, कोरकू किंवा भिलाली बोलणाऱ्या गावातल्याच मुलीला दरमहा मानधन द्यायचे म्हटले की मात्र हात आखडतो, कारण मानधनावर नावाची पाटी लावता येत नाही. माझ्या मते पैसा आधी तिच्याकडे जावा, भिंती नंतर. तोवर अंगण आहे, पावसात एखादी ओसरी आहे.

दिवाळीनंतर कामासाठी कुटुंबे बाहेर पडतात, तेव्हा मुलेही जातात आणि बालवाडी निम्मी रिकामी होते. अशा वेळी मुलाचे वजन-लसीकरणाचे कार्ड आईजवळ आहे ना, एवढे तरी ताईने पाहून द्यावे, आणि मूल परतले की त्याला नव्याने रुळायला आठवडाभर मोकळीक द्यावी.

आपल्यापैकी कोणी भेटीला गेलात तर मुलांना रांगेत उभे करून कविता म्हणायला लावू नका. कोपऱ्यात बसा. मुले एकमेकांशी कोणत्या बोलीत बोलतात, ताई त्यांना त्याच बोलीत उत्तर देतात का, गप्प मुलाजवळ कुणी जाऊन बसते का, हे पाहा. आणि खाऊचे पुडे नेण्याऐवजी शेर-दोन शेर चिंचोके घेऊन जा. ते नेहमीच कमी पडतात. निम्मे तरी मुलांच्या खिशातून घरी जातात.