परदेशी कृषी प्रशिक्षण : निधी शोधण्याची पद्धत

भंडारा-गोंदियापासून राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, धमतरीपर्यंत भाताचा पट्टा जवळजवळ सलग आहे. महाराष्ट्रात जिला गादमाशी म्हणतात, तिलाच छत्तीसगडचा शेतकरी ‘गंगई’ म्हणतो; तपकिरी तुडतुड्यांना तो ‘भूरा माहू’ म्हणतो. तपकिरी तुडतुड्यांवर फिलिपिन्स, इंडोनेशिया, व्हिएतनाम, जपान या देशांत दीर्घकाळ काम झाले असून तेथील अनुभव शिकण्यासारखा आहे. तथापि, परदेशी प्रशिक्षणाची सूचना हाती पडली की बहुतेक क्षेत्रीय कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी ‘एवढा पैसा आणायचा कोठून?’ या प्रश्नापाशीच थांबतात. प्रशिक्षणाचा खर्च ही एकाच दात्याकडून मिळवायची एक मोठी रक्कम आहे, हा समज त्यामागे असतो. वस्तुतः हा खर्च अनेक भागांचा बनलेला असतो आणि प्रत्येक भागाचा स्रोत वेगळा असू शकतो. हे भाग सुटे करून पाहणे, ही निधी शोधण्याची पहिली पायरी होय.

पूर्वपीठिका

वर्धा व रायपूर हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रांतात होते, त्या काळी वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे कृषिशिक्षणासाठी अमेरिकेत गेले. पाठीशी संस्था नव्हती. मिळेल ते श्रमाचे काम करून त्यांनी ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत शिक्षण घेतले. पुढे मेक्सिकोतील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले व मक्यावर संशोधन केले. त्यांची जिद्द असाधारण होती. परंतु एका व्यक्तीच्या जिद्दीवर व्यवस्था उभी राहत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. रायपूरचे कृषी महाविद्यालय १९६१ मध्ये स्थापन झाले आणि १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या अखत्यारीत आले. त्या विद्यापीठाला अमेरिकी साहाय्यातून इलिनॉय विद्यापीठाचे सहकार्य लाभले होते. महाराष्ट्राच्या कृषी विद्यापीठाला तसेच सहकार्य पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाकडून मिळाले. या करारांमुळे अध्यापकांना परदेशी प्रशिक्षणाची वाट खुली झाली. निधी व्यक्तीला नव्हे, संस्थेला मिळत होता आणि संस्था व्यक्तीचे नामनिर्देशन करीत होती. रायपूरला १९८७ मध्ये इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय स्वतंत्रपणे उभे राहिले, तरी हे तत्त्व आजही बहुतांश कार्यक्रमांना लागू आहे.

खर्चाचे पाच भाग

कोणत्याही प्रशिक्षणाचा खर्च पुढील पाच भागांत मांडावा : (१) प्रशिक्षण शुल्क, (२) निवास, भोजन व स्थानिक प्रवास, (३) विमानभाडे, (४) व्हिसा, आरोग्य विमा, वैद्यकीय तपासणी व त्यासाठीचा देशांतर्गत प्रवास, (५) अनुपस्थितीच्या काळातील वेतन, किंवा शेतकऱ्याच्या बाबतीत शेतीकामाच्या पर्यायी व्यवस्थेचा खर्च. सूचनापत्रक वाचून प्रत्येक भागासमोर ‘आयोजक देतो’, ‘संस्था देते’ किंवा ‘रिक्त’ अशी नोंद करावी. अर्थसाहाय्य मागायचे ते केवळ रिक्त भागासाठी. ‘प्रशिक्षणासाठी मदत द्यावी’ या विनंतीपेक्षा ‘शुल्क व निवास आयोजकांनी मान्य केले आहे, फक्त विमानभाडे अपेक्षित आहे’ ही विनंती मंजूर करणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जाते.

कोणता भाग कोठून

जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या, म्हणजे ‘जायका’च्या, ज्ञान-सहनिर्मिती कार्यक्रमांत निवड झालेल्या उमेदवाराचे जाण्यायेण्याचे विमानभाडे, निवास व निर्वाह भत्ता जपानकडून दिला जातो. मात्र येथे व्यक्तीने परस्पर अर्ज करायचा नसतो. नामनिर्देशन शासनामार्फत होते. त्यामुळे येथे खरी अडचण पैशाची नसून परिपत्रक वेळेत क्षेत्रीय कार्यालयापर्यंत पोहोचण्याची आहे. विस्तार कार्यकर्त्याने आपल्या विभागाच्या प्रशिक्षण शाखेशी वर्षभर संपर्क ठेवावा, हाच त्यावर उपाय.

इस्रायलच्या ‘माशाव’ या विकास सहकार्य संस्थेच्या अभ्यासक्रमांत शिष्यवृत्ती मिळाल्यास शुल्क, निवास-भोजन व आरोग्य विमा यांची सोय होते. विमानभाडे सर्वसाधारणपणे उमेदवाराने किंवा त्याच्या संस्थेने उचलायचे असते. म्हणजे तिसरा भाग रिक्त राहतो. अर्जापूर्वी त्या देशाविषयीच्या प्रवाससूचनाही पाहाव्यात.

संशोधकांसाठी विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाची आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना उपयुक्त ठरली आहे. तिच्यात शोधनिबंध सादर करणाऱ्यांबरोबर अल्पमुदतीच्या प्रशिक्षणालाही साहाय्याची तरतूद होती. २०२३ च्या कायद्यानंतर या मंडळाचे काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेले असल्याने चालू नियम तेथूनच तपासावेत.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी कृषी विभागाची देशाबाहेरील अभ्यासदौऱ्यांची योजना आहे. एकूण खर्चाच्या ५० टक्के किंवा प्रति शेतकरी कमाल १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढे अनुदान, असा तिचा निकष राहिला आहे. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. दौऱ्याचा खर्च १ लाख ६० हजार असेल तर अनुदान ८० हजार होते. खर्च ३ लाख असेल तर अनुदान दीड लाख नव्हे, १ लाखच मिळते आणि उरलेले २ लाख शेतकऱ्याला उभे करावे लागतात. फलोत्पादन करणाऱ्यांसाठी एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत शेतकरी व तांत्रिक कर्मचारी यांच्या परदेशी अभ्यासदौऱ्यांची तरतूद होती. हे अभियान केंद्रपुरस्कृत असल्यामुळे छत्तीसगडमधील शेतकऱ्यांनीही आपल्या जिल्हा उद्यानिकी कार्यालयात चालू वर्षाच्या आराखड्याविषयी विचारणा करावी.

एकाच दात्यावर विसंबणे मात्र धोक्याचे आहे. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे, ‘युसेड’चे, बहुसंख्य कार्यक्रम २०२५ मध्ये बंद झाले आणि त्यांवर आधारलेल्या अनेक देशांतील प्रशिक्षण योजना खंडित झाल्या. म्हणून किमान दोन पर्याय समांतर हाताळावेत.

अर्जाचा गाभा

निवड समितीला उमेदवाराच्या इच्छेपेक्षा त्याच्या क्षेत्रातील समस्येत अधिक रस असतो. ‘आधुनिक पीक संरक्षणाचे ज्ञान मिळवण्याची इच्छा आहे’ हे वाक्य शेकडो अर्जांत असते. त्याऐवजी पुढीलप्रमाणे मांडणी करता येईल : ‘आमच्या तालुक्यात भात निसवण्याच्या सुमारास तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक होतो. नत्राच्या अतिरिक्त वापरामुळे ही कीड वाढते आणि हंगामाच्या आरंभीच होणाऱ्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांच्या फवारणीमुळे कोळी, मिरिड ढेकूण हे नैसर्गिक शत्रू नष्ट होतात. प्रशिक्षणातून कीड-निरीक्षणाची पद्धत शिकून पुढील खरिपात पाच गावांत शेतीशाळा घेण्याचे नियोजन आहे.’ या तीन वाक्यांत समस्या, तिचे कारण, शिकायची गोष्ट आणि परतल्यावरचे काम हे सारे येते. त्याला तालुक्याच्या दोन-तीन हंगामांच्या निरीक्षणनोंदी जोडल्यास अर्जाचे वजन वाढते. गादमाशीचे जैवप्रकार प्रदेशागणिक भिन्न आहेत. त्यामुळे स्वतःच्या गावाची नोंद दुसऱ्या कोणाच्या नोंदीने भरून निघत नाही. जायकाच्या अभ्यासक्रमांत तर परतल्यानंतरचा कृती-आराखडा हा प्रशिक्षणाचाच भाग असतो.

परवानग्या व वेळापत्रक

निधी मिळूनही प्रवास रद्द होण्याचे एक प्रमुख कारण परवानगीतील विलंब हे असते. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ६ नुसार शासकीय सेवकांना, तसेच शासनाच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील संस्थांच्या कर्मचाऱ्यांना परदेशी आतिथ्य, म्हणजे परकीय स्रोताकडून मिळणारा प्रवासखर्च, निवास किंवा भोजन, स्वीकारण्यापूर्वी केंद्रीय गृह मंत्रालयाची अनुमती घ्यावी लागते. त्यासाठी ‘एफसी-२’ हा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो व तो प्रस्थानापूर्वी किमान दोन आठवडे पोहोचणे अपेक्षित असते. संयुक्त राष्ट्रे व तिच्या विशेष संस्था या कायद्यातील परकीय स्रोताच्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे निमंत्रण कोणाचे आहे हे आधी पाहावे. खासगी शेतकऱ्याला ही अट लागू होत नाही.

म्हणून उलट्या क्रमाने वेळापत्रक आखणे हितावह. प्रस्थानाच्या सहा महिने आधी पारपत्राची वैधता तपासावी. चार महिने आधी कार्यालयाकडून ना-हरकत प्रमाणपत्र व नामनिर्देशन मिळवावे. निवडपत्र येताच गृह मंत्रालयाची अनुमती व व्हिसा यांची कामे एकाच वेळी सुरू करावीत. निवडपत्रासोबत खासगी बँक खात्यात ‘नोंदणी शुल्क’ भरण्याची मागणी आल्यास संबंधित दूतावासाकडे शहानिशा केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

देशातील पर्याय

प्रत्येक गरजेसाठी परदेशवारी आवश्यक नसते. हैदराबाद येथील राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था, वाराणसी येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे दक्षिण आशिया केंद्र आणि रायपूरजवळ बरोंडा येथील राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था ही ठिकाणे रेल्वेच्या टप्प्यात आहेत. येथे घेतलेले प्रशिक्षण पुढील परदेशी अर्जात पूर्वतयारीचा पुरावा ठरते.

अर्जापूर्वी प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत : आपल्या शिवारातील कोणती अडचण या प्रशिक्षणाने सुटेल? खर्चाचा नेमका कोणता भाग रिक्त आहे? परतल्यानंतरच्या पहिल्या हंगामात कोणत्या गावांत काय केले जाईल? ही उत्तरे स्पष्ट असतील तर निधी कोणाकडे मागायचा हे ठरवणे सोपे जाते. ती अस्पष्ट असतील, तर त्या वर्षी अर्ज न करता एक खरीप हंगाम नियमित निरीक्षणनोंदी ठेवण्यात घालवणे अधिक फलदायी ठरेल.